अस्मानी, सुलतानी आणि मामलेदार

कोरमंगलाच्या चौथ्या ब्लॉकात एस. टी. बेड नावाची वस्ती आहे. या आद्याक्षरांत एक तळे लपले आहे: श्रीनिवागिलु तळ्याचा हा तळ. मोठा पाऊस झाला की तळे आपली जागा मागायला येते. त्या रात्री डिलिव्हरीचा मुलगा गुडघाभर पाण्यातून उशिरा पोचतो. हा उशीर कोणाच्या खात्यावर लिहायचा? त्याच्या, त्याच्या मॅनेजरच्या, की आणखी कोणाच्या?

मला इथे मराठी दफ्तरांतला एक शब्द उपयोगी वाटतो: अस्मानी-सुलतानी. आज आपण तो हळहळताना वापरतो. पूर्वी तो हिशेबातही चाले. अवर्षण, अतिवृष्टी ही अस्मानी. स्वारी, लुटालूट, फौजेने तुडवलेली पिके ही सुलतानी. अशी आफत ओढवली तर वसुलीत सूट मागता येई.

नाना फडणिसांच्या काळी मामलेदाराला वर्षाच्या सुरुवातीला बेहेडा, म्हणजे जमाखर्चाचा अंदाज, ठरवून मिळे. काही रक्कम तो रसद म्हणून आगाऊ भरी. मात्र त्याच्या एकट्याच्या शब्दावर हिशेब चालत नसे. फडणीस, मजुमदार असे दरखदार सरकारातून नेमलेले असत आणि मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. मला यातले मर्म हेच वाटते. ‘हे माझ्या हातात नव्हते’ असे म्हणण्याला वजन येते, ते पडताळणारा हात दुसऱ्याचा असला तरच.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती सर्रास इजाऱ्याने जाऊ लागल्या. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात त्याचे वर्णन केले आहे: मामलतीचा लिलाव होई, बोली लावायला कचरणाऱ्यावर खप्पा मर्जी होई, आणि पुढल्या वर्षी महाल अधिक बोलीवाल्याकडे जाई. इजारदार पोटइजारदाराला देई, तो पाटलाला गाठी. वर सबब चालत नसे. त्यामुळे कोणी अधिक जबाबदार झाले नाही. बोजा फक्त खाली सरकत गेला, ज्याच्या खाली कोणीच नव्हते त्या कुणब्यापर्यंत.

एस. टी. बेडमधला पाऊस अस्मानी आहे. तळ्याच्या तळावर वसाहत आखणे ही सुलतानी. मुलाच्या आणि मॅनेजरच्या वाट्याला उरते ते वेळेवर निघणे, दुसरी वाट शोधणे, ग्राहकाला कळवणे. तेवढ्याचा जाब जरूर विचारावा. बाकीच्या दोन रकान्यांवर ज्यांची नावे यायला हवीत, त्यांना आपण अजून हिशेबाला बोलावलेलेच नाही.