उंबरठ्यावरची दोन माणसे : धर्मसमूह सोडण्याची किंमत, अ‍ॅमस्टरडॅम १६४० आणि १६५६

१/२२
इ.स. १६४० चा सुमार. अ‍ॅमस्टरडॅममधील पोर्तुगीज ज्यूंचे सिनेगॉग माणसांनी भरून गेले आहे. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस व्यासपीठावर चढून दुसऱ्यांनी लिहून दिलेला कबुलीजबाब वाचतो. मग त्याला कमरेपर्यंत उघडे करून खांबाला बांधतात आणि चामड्याच्या वादीचे ३९ फटके मारतात. शेवटी तो दाराच्या उंबरठ्यावर आडवा पडतो आणि सभेतील लहानथोर त्याला ओलांडून बाहेर जातात.

२/२२
हा माणूस म्हणजे उरिएल दा कोस्टा. पुढे सोळा वर्षांनी, २७ जुलै १६५६ रोजी, त्याच समाजाने २३ वर्षांच्या एका तरुणाला बहिष्कृत केले. त्याचे नाव बारूख स्पिनोझा. पहिला माणूस परत गेला आणि उद्ध्वस्त झाला. दुसरा परत गेला नाही आणि तगला. दोघांचा पिंड वेगळा होता, हे खरेच. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. हा धागा त्या उरलेल्या उत्तराविषयी.

३/२२
आधी पार्श्वभूमी. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने राज्यातील ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा करविला. त्यांना व त्यांच्या वंशजांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. १५३६ मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, स्थापन झाले. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला, डुकराचे मांस टाळले, शनिवारी धुतलेले कपडे घातले, एवढ्या संशयावरूनही माणूस चौकशीत सापडे.

४/२२
या न्यायपीठाचा हात आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. १५६० मध्ये गोव्यात त्याची शाखा सुरू झाली. भारतीय औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता हा नवख्रिस्तीच. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. मेलेल्या माणसालाही धर्मसत्तेच्या तावडीतून सुटका नव्हती.

५/२२
अशा पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहरात, १५८० च्या दशकात गाब्रिएल दा कोस्टा जन्मला. वडील निष्ठावान कॅथलिक. मुलगा कोइम्ब्रा विद्यापीठात चर्चचा कायदा शिकला आणि एका चर्चमध्ये खजिनदाराच्या पदावर बसला. पण पापाच्या व नरकाच्या भयाने त्याचे मन पोखरले होते. शंकांची उत्तरे शोधत तो मोशेच्या ग्रंथांपर्यंत आला आणि पूर्वजांच्या धर्मात परतण्याचा निर्णय त्याने घेतला.

६/२२
१६१४ च्या सुमारास आई आणि भावांसह तो गुपचूप जहाजात बसला. मानाचे पद व राहते घर मागे राहिले. अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचल्यावर सुंता झाली आणि गाब्रिएलचा उरिएल झाला. काही काळाने तो हॅम्बुर्गला राहू लागला. एक धर्म सोडण्याची किंमत त्याने येथवर एकदा पुरेपूर चुकवली होती.

७/२२
पण त्याने मनाशी बांधलेला धर्म पुस्तकातला होता. प्रत्यक्षातला धर्म रब्बींच्या शतकानुशतकांच्या परंपरेचा, नियम-उपनियमांचा होता. उरिएलने विचारले : हे मोशेने कुठे सांगितले आहे? १६१६ मध्ये त्याने आपले आक्षेप लिहून व्हेनिसच्या ज्यू समाजाकडे पाठविले. १६१८ मध्ये तो बहिष्कृत ठरला.

८/२२
या बहिष्काराला हिब्रूत ‘हेरेम’ म्हणतात. मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आपल्याकडचे ‘वाळीत टाकणे’ ते हेच. बोलणे बंद, देवघेव बंद, प्रार्थनेला जागा नाही, लग्नकार्याला बोलावणे नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हा अधिकार ‘महामाद’ नावाच्या पंचमंडळाकडे होता. त्यावर रब्बी नव्हे, तर समाजातील वजनदार व्यापारी असत. मान्यता नसलेल्या खाटकाकडून मांस घेतले, एवढ्या कारणानेही हेरेम होऊ शके. बहुतेक लोक दंड भरून, क्षमा मागून लवकरच परत येत.

९/२२
हा समाज असा कठोर का झाला, हेही समजून घ्यायला हवे. हे लोक निर्वासित होते. डच शहरांनी त्यांना आसरा दिला होता, तो अटींवर : ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलू नका आणि स्वतःच्या धर्मात गडबड होऊ देऊ नका. शिवाय शतकभर कॅथलिक म्हणून जगल्यामुळे यांना ज्यू आचार नव्याने शिकावा लागत होता. जे घर आत्ताच बांधले आहे, त्याची वीट कोणी हलवली की घरच्यांना धडकी भरते.

१०/२२
उरिएल हॅम्बुर्गहून पुन्हा अ‍ॅमस्टरडॅमला आला. १६२३ मध्ये तेथेही हेरेम झाला. १६२४ मध्ये त्याने पोर्तुगीज भाषेत ग्रंथ छापून रब्बींची परंपरा आणि आत्म्याचे अमरत्व, दोन्ही नाकारले. आत्म्याचे अमरत्व नाकारणे ख्रिस्ती नगरपालांनाही खपणारे नव्हते. त्याला अटक झाली, ३०० गिल्डर दंड बसला, पुस्तके जाळली गेली. या ग्रंथाची एक प्रत १९९० मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडली, तोवर तो नष्ट झाला असेच मानले जात होते.

११/२२
आता घराकडे वळू. ज्या भावांना उरिएलने स्वतः या धर्मात आणले होते, त्यांनीच त्याच्याशी संबंध तोडले. तोडले नसते, तर तेही बहिष्काराच्या फेऱ्यात सापडले असते. म्हातारी आई मात्र मुलाजवळच राहिली. तेव्हा पंचांपुढे प्रश्न आला की, ही बाई मेली तर तिला समाजाच्या दफनभूमीत जागा द्यायची की नाही? १६२८ मध्ये ती वारली आणि तिला जागा मिळाली. पण एका वृद्धेच्या मातीचा प्रश्न मुलाच्या मतांशी जोडला गेला, यातच या यंत्रणेचे मर्म आहे.

१२/२२
उरिएल अनेक वर्षे एकटा राहिला. आपल्या आत्मवृत्तात तो जी अडचण नोंदवतो ती तत्त्वज्ञानाची नाही. आपण परक्या मुलुखात आहोत, इथल्या लोकांशी ओळख नाही, त्यांची भाषाही येत नाही, असे तो सांगतो. पोर्तुगीज बोलणारे सगळे लोक त्याच समाजातले होते, आणि त्यांना त्याच्याशी बोलण्याची बंदी होती. मायबोलीत कुशल विचारणारेही कोणी उरले नव्हते.

१३/२२
अखेर त्याने माघार घेतली. मनातून पटलेले नसताना चारचौघांसारखे वागायचे ठरवले. पण नियंत्रण करणाऱ्या समाजात परतलेल्या माणसावर सतत पाळत असते. तो खाण्यापिण्याचे नियम पाळत नाही, ही खबर त्याच्याच भाच्याने फोडली. पुढे ज्यू होऊ पाहणाऱ्या दोन ख्रिस्ती माणसांना त्याने ‘या फंदात पडू नका’ असा सल्ला दिला. तोही पंचांच्या कानी गेला.

१४/२२
पुन्हा हेरेम. या वेळी जवळजवळ सात वर्षे. ठरत आलेले दुसरे लग्न नातेवाइकांनी मोडले. व्यवहारात गुंतलेला पैसा अडकला. रस्त्यात पोरेसोरे त्याच्यावर थुंकत. आजारात पाणी द्यायला कोणी नव्हते. परत येण्यासाठी जाहीर प्रायश्चित्ताची अट होती. ती त्याने आधी नाकारली. थकल्यावर मान्य केली. धाग्याच्या आरंभीचा प्रसंग तो हा.

१५/२२
त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने आत्मवृत्त लिहून पुरे केले आणि स्वतःचा जीव घेतला. हे आत्मवृत्त १६८७ मध्ये फिलिप फान लिम्बोर्ख या ख्रिस्ती धर्मपंडिताने, आपले खंडन जोडून, छापले. ते ज्यू समाजाच्या टीकाकाराकडून आपल्या हाती आले असल्याने अभ्यासक ते सावधपणे वाचतात. पण त्याच्यावरील हेरेम, त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाची होळी यांना स्वतंत्र पुरावा आहे.

१६/२२
उरिएल गेला तेव्हा स्पिनोझा सात-आठ वर्षांचा होता. तोही पोर्तुगीज नवख्रिस्ती घराण्यातला, व्यापाऱ्याचा मुलगा. वडील १६५४ मध्ये वारले. धाकट्या भावासह त्याने पेढी चालवली, पण ती कर्जात होती. १६५६ च्या जुलैमध्ये सिनेगॉगमध्ये त्याच्यावरील हेरेम वाचला गेला. त्यात ‘भयंकर पाखंड’ असा आरोप आहे. पाखंड नेमके कोणते, ते सांगितलेले नाही.

१७/२२
हेरेमच्या अटी मात्र अगदी नेमक्या आहेत. कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याला पत्र लिहू नये, त्याच्यावर कोणताही उपकार करू नये. एका छपराखाली त्याच्यासोबत राहू नये. त्याच्यापासून चार हातांच्या आत येऊ नये. त्याने लिहिलेले काही वाचू नये. सामान्यतः हेरेममध्ये परतीची वाट सांगितलेली असे. या हेरेममध्ये तशी वाट नव्हती.

१८/२२
तरी तो तगला कसा? कारण त्याने समाजाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच बाहेर ओळखी केल्या होत्या. यारिख येलेस, पीटर बालिंग, सिमोन द व्रीस हे ख्रिस्ती मित्र चर्चच्या कडव्या शिस्तीबाहेर राहणारे होते. फान डेन एंडेन या शिक्षकाकडून तो लॅटिन शिकला. डच भाषा येत होती. भिंगे घासण्याची कला त्याने हाताशी धरली. द व्रीसने ठेवलेल्या वर्षासनातील काही भाग तेवढा त्याने स्वीकारला. उरिएलजवळ यांतले काहीही नव्हते.

१९/२२
याचा अर्थ स्पिनोझाला किंमत पडली नाही असा नव्हे. व्यापार सुटला, आणि भावंडे दुरावली. धाकटा भाऊ पुढे वेस्ट इंडीजला निघून गेला. बहिणीचे नाव कागदोपत्री पुन्हा दिसते ते १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर : वारसाहक्क सांगण्यासाठी. मालमत्तेपेक्षा देणी जड निघण्याची चिन्हे दिसताच तो हक्कही सोडण्यात आला. ज्याने कधी बाप्तिस्मा घेतला नाही, त्याचे दफन हेगमधील चर्चमध्ये झाले. त्याच्या मातीला स्वतःच्या माणसांची जागा मिळाली नाही.

२०/२२
दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. श्रद्धा उडणे हा मनातला व्यवहार आहे. तो एका रात्रीतही होऊ शकतो. समूह सोडणे हा बाहेरचा व्यवहार आहे. भाकरी, सोयरीक, आजारातला शेजार आणि अखेरची माती यांच्या किल्ल्या एकाच कमरेला असतील, तर शंका आलेला माणूस बहुधा गप्प राहतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण त्याच्यासाठी बाहेर कोणी दार उघडे ठेवले आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

२१/२२
हा प्रश्न आपल्याकडेही न्यायालयात गेला आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे, चार विरुद्ध एक अशा बहुमताने, तो रद्द केला. भिन्नमत सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते. हा विषय २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान जातपंचायतींच्या जाचाविरुद्धच्या चळवळीतून महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

२२/२२
डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये अभ्यासकांची सभा भरली. विषय होता, स्पिनोझावरील हेरेम उठवावा काय? समाजाच्या रब्बींनी नकार दिला. स्पिनोझाला आता त्याने काही फरक पडत नाही. उरिएलच्या बाजूने अशी सभा भरल्याचे मात्र फारसे ऐकिवात येत नाही. त्याची शिक्षा तर समाजाने त्याच्या हयातीतच मागे घेतली होती. त्या उंबरठ्यावर निजवून, त्याला ओलांडून. त्याला पोर्तुगीज बोलणारा, चार हातांच्या आत येऊन बसणारा एक माणूस हवा होता. तेवढा त्याला मिळाला नाही.

(धागा समाप्त. आपल्या भागातील वाळीत टाकण्याच्या जुन्या नोंदी, पंचांचे कागद किंवा घरात ऐकलेल्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. हयात माणसांची नावे मात्र टाळा.)