खोपोली-भिवपुरीचे अवजल

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाने खोपोलीपाशी मान वर करून डोंगराकडे पाहिले, तर कड्यावरून सरळ खाली उतरणारे जाड पोलादी नळ त्याच्या दृष्टीस पडतात. पुढे घाटाची वळणे सुरू झाली की ते विसरलेही जातात. ह्या नळांतून शंभरावर वर्षे पाणी उतरत आहे. त्या पाण्याची हकिकत आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे. मी इंजिनियर नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकून शिक्षकाचा पेशा पत्करला, आणि नोकरीची बहुतेक वर्षे कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांतील शाळांत काढली. तेव्हा माझे सांगणे यंत्रशास्त्राचे कमी आणि गावांचे अधिक असेल.

हे दोन तालुके, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा म्हणविणाऱ्या आजच्या रायगड जिल्ह्याचा घाटाकडील भाग. समुद्र येथून दूर, मिठागरे नाहीत, बंदर नाही. जे काही येते ते घाटाच्या वाटेने. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा गाड्या खोपोलीवरून जाऊ लागल्या. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, आणि घाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत उतारूंना येथे उतरून पालखी, तट्टू किंवा गाडी करून वर जावे लागे. ती सात वर्षे खोपोलीस बरकतीची गेली असली पाहिजेत. पुढे मुख्य मार्ग पळसदरीवरून थेट घाटात शिरला आणि खोपोली फाट्यावर राहिली. नाना फडणीसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे देऊळ तेवढे जुन्या वाहतुकीची साक्ष देत उभे होते. रस्ता, रूळ आणि पुढे वीज, तिन्ही ह्या गावावरून पलीकडे गेली. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व गोष्ट त्यातच आहे.

लोणावळ्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच, आणि तेथून अवघ्या काही मैलांवर कोकणची सपाटी. माथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. नैसर्गिक उतार पाहिला तर हे पाणी इंद्रायणीवाटे भीमेस आणि भीमेवाटे कृष्णेस मिळून शेकडो मैलांचा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास जावयाचे. परंतु ते माथ्यावरच अडवून धरले आणि पश्चिमेच्या कड्यावरून एकदम खाली सोडले, तर त्या उडीत केवढी शक्ति आहे! मुंबईचे स्थापत्यविशारद डेव्हिड गॉस्लिंग ह्यांनी ही कल्पना मांडली व जमशेटजी टाटांनी ती उचलली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा दगडी कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराने परळ-लालबागचे आकाश काळवंडलेले असे. जमशेटजी १९०४ साली वारले. योजना त्यांच्या पुत्रांच्या हातून तडीस गेली. विलायतेच्या भांडवलवाल्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा पैसा भारतातच उभारण्यात आला व त्यात संस्थानिकांनीही वाटा उचलला. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांनी लोणावळ्यास कोनशिला बसविली. लोणावळा, वळवण व शिरवता अशी तीन धरणे हजारो मजुरांच्या हातांनी बांधली गेली, आणि १९१५ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या हस्ते खोपोलीची वीज सुरू झाली. युरोपात महायुद्ध पेटले असताना हे काम पुरे झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

यंत्राची रीत सोपी आहे. सुमारे १,७०० फूट उंचीवरून नळातून उतरलेले पाणी बारीक तोंडातून जोराने सुटते व चाकावरील पेल्यांवर आदळते. चाक फिरले की त्यास जोडलेले जनित्र फिरते. मी वर्गात हे पळसाच्या पानांच्या द्रोणांचे चाक करून दाखवीत असे. मुले आपली आपणच घागरीने पाणी ओतून ते फिरवीत आणि मग दप्तरे भिजल्याची तक्रार घरून येई. असो. ही वीज एक लक्ष व्होल्टच्या दाबाने सुमारे ४३ मैल तारांवरून परळच्या ग्रहणकेंद्रास पोहोचत असे. पाठोपाठ १९१६ साली आंध्र व्हॅली कंपनी निघाली. आंद्रा नदीवर ठोकळवाडीस धरण होऊन १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे वीजघर चालू झाले. तिसरे भिऱ्याचे, १९२७ सालचे. पण ते आपल्या दोन तालुक्यांबाहेर, दक्षिणेस आहे.

धरणांची जी किंमत पडली ती मात्र बहुतांशी घाटमाथ्याने दिली. मावळातील भातखाचरे व गावठाणे तलावांखाली गेली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण होऊ लागले तेव्हा मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. लढा फसला व पाणी चढले. खाली कोकणात बसून वीज आणि पाणी ह्यांच्या लाभाचा हिशेब मांडताना ही बाजू गाळून चालणार नाही.

आता खालच्या बाजूस काय मिळाले? वीज मिळाली नाही. म्हणजे तिच्या जन्मस्थानी ती फार काळ पाहुणीच राहिली. कंपनीचा परवाना मुंबईस घाऊक वीज पुरविण्याचा होता. रानातील खेड्याखेड्यांत तारा ओढणे त्या व्यवहारात बसण्यासारखे नव्हते, आणि तशी कोणी अपेक्षाही केली नव्हती. खेड्यांपर्यंत वीज नेण्याचे काम पुढे राज्याच्या वीज मंडळाच्या कारकिर्दीत झाले. मी नोकरीस लागलो त्या सुमारास एका ठाकरवाडीवरील शाळेत होतो. वाडीच्या डोक्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे उभे होते, पावसाळी हवेत त्या तारा गुणगुणत, आणि वाडीत संध्याकाळी चिमण्या लागत. चौथीतील एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ही आवाज करते ती वीजच ना? मग ती खाली का उतरत नाही?" दाब उतरविण्यास रोहित्र लागते, त्यास पैसा लागतो, असे काही मी सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. माझेही झाले नव्हते.

परंतु वीज तारांवरून निघून गेली, तरी तिला जन्म देणारे पाणी मागे राहिले, आणि हीच आजच्या भाषणातील मुख्य गोष्ट. चाक फिरवून बाहेर पडणाऱ्या पाण्यास आमच्याकडे अवजल म्हणतात. शब्दात उतरलेपणाचा भाव आहे, पण पाण्याचे त्यात थेंबभरही नुकसान झालेले नसते. कोकणातील नद्या आषाढात घरात शिरतात आणि फाल्गुनात त्यांच्या पात्रात गुरे चरतात. ह्या नियमास पाताळगंगा आणि उल्हास अपवाद झाल्या, कारण खोपोलीचे अवजल पाताळगंगेत व भिवपुरीचे उल्हासच्या खोऱ्यात बारमाही पडू लागले. बंगालच्या उपसागराचे पाणी अरबी समुद्राच्या वाटेस लागले, आणि त्या वाटेवर आमचे दोन तालुके होते.

गंमत अशी की दोघांनी त्याचा उपयोग अगदी वेगळा केला. पाताळगंगेच्या काठी कारखाने आले. महिंद्र युजीन स्टील कंपनी १९६२ साली स्थापन झाली व तिचा कारखाना खोपोलीस उभा राहिला. खाली पनवेलच्या सीमेवर रसायनी येथे हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा केंद्र सरकारचा कारखाना आला. ती कंपनी १९६० ची. औद्योगिक महामंडळाने पाताळगंगेस वसाहत केली, तेथे १९८० नंतर कृत्रिम धाग्याचे मोठे कारखाने निघाले. रस्ता, रेल्वे व मुंबईची बाजारपेठ ही कारणे होतीच. पण रसायनाच्या व धाग्याच्या कारखान्यास वैशाखातही न आटणारी नदी लागते, आणि ती येथे तयार होती. खालापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा पाळीवर जाऊ लागला, घरावर कौलांच्या जागी स्लॅब आली. नदीचा रंगही पालटला. माशांवर पोट भरणारी कातकरी कुटुंबे पूर्वी जेथे जाळी टाकीत तेथे पुढे कोणी पाय धुवायलाही उतरेना, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय कारखाना काही डोंगराप्रमाणे अचल नसतो. रसायनीचा तो सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ साली घेतला, आणि ज्या वसाहतीत नोकरी लागली म्हणून पेढे वाटले जात, तेथील खोल्या रिकाम्या झाल्या.

कर्जतच्या बाजूस भिवपुरीचे पाणी राजनाला नावाच्या कालव्याने शेतांत गेले. जेथे पावसाळी भाताखेरीज पीक नव्हते तेथे उन्हाळी भात होऊ लागले. मे महिन्यात नेरळ-कर्जत पट्ट्यात हिरवी खाचरे पाहून मुंबईचे पाहुणे चकित होतात. ह्या हिरवेपणास कारखान्याचा भोंगा नाही, म्हणून त्याची गणना औद्योगिक प्रगतीत होत नाही. माझ्या मते ती करावयास हवी. उरलेले पाणी उल्हासवाटे बदलापूर, अंबरनाथ, कल्याणकडील वस्तीस उपयोगी पडते, तो विषय मोठा असल्याने सोडून देतो.

आज खोपोलीची क्षमता ७२ व भिवपुरीची ७५ मेगावॅट आहे. मुंबईच्या भुकेपुढे हे आकडे चिमुकले दिसतात. तथापि ही जुनी वीजघरे आता नव्या कारणाने पुढे आली आहेत. सूर्यापासून होणारी वीज दुपारी उतू जाते आणि दिवेलागणीस, नेमक्या गरजेच्या वेळी, नाहीशी होते. तिची साठवण करण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे दुपारच्या विजेने खालचे पाणी पंपाने वर चढवावे व सायंकाळी तेच पुन्हा खाली सोडून वीज घ्यावी. ह्या फेऱ्यात शंभर युनिटे खर्चिली तर पंचाहत्तर-ऐंशीच परत मिळतात. पण जी वीज एरवी वाया जावयाची तिची एवढी वसुली वाईट नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर व महाराष्ट्र शासन ह्यांच्यात अशा दोन केंद्रांविषयी सामंजस्य करार झाला : पुणे जिल्ह्यात शिरवता येथे १,८०० मेगावॅट आणि आमच्या भिवपुरीस १,००० मेगावॅट, मिळून सुमारे १३,००० कोटी रुपयांची गुंतवणूक. सहा हजारांवर लोकांस काम मिळेल असेही त्या वेळी सांगण्यात आले. धरणाच्या बांधकामावरील काम धरण पुरे होताच संपते, हा १९१५ चा धडा आहे. म्हणून मी त्या आकड्याकडे थोड्या जपूनच पाहतो.

मला काळजी आहे ती अवजलाची. घाटमाथ्यावरील पाणी मूळ भीमेच्या खोऱ्याचे असल्याने ते पूर्वेस परत द्यावे, अशी मागणी अवर्षणाच्या वर्षी पुणे-सोलापूरकडून होते, आणि तिच्यात न्यायाचा अंश आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास मर्यादा घातली ती ह्याच तंट्यापोटी. दुसरीकडे, तेच पाणी वर-खाली खेळवून वीज काढण्याची सोय झाली, की ते नदीत सोडलेच पाहिजे अशी यंत्राची निकड उरत नाही. आजवर कर्जतच्या शेतकऱ्यास पाणी मिळाले ते मुंबईस वीज हवी होती म्हणून. त्याच्या स्वतःच्या हक्काने नव्हे. शंभर वर्षांची वहिवाट मोठी खरी, परंतु वहिवाट आणि लेखी हक्क ह्यांतील अंतर कोर्टाची पायरी चढलेल्या माणसास ठाऊक असते.

गेल्या उन्हाळ्यात राजनाल्याच्या कडेने जात असता माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दीड एकराचा धनी, खांद्यावर फावडे. पंपाची योजना त्याने माझ्याकडून नीट समजून घेतली. खाली नवे तळे होणार, त्यातून पाणी वर जाणार, हे त्यास चटकन उमगले. मग म्हणाला, "गुरुजी, पौषात रोप टाकलं की चैत्र सरेपर्यंत पाणी लागतं. मेगावॅट कागदावर लिहितात, तशा ह्या तारखा पण लिहायला सांगा." एवढे बोलून, पाळी चुकेल म्हणून, तो दारे धरावयास निघून गेला.