ओतूरचे पत्र, पुण्यातले घर आणि यशवंत

१/ २० एप्रिल १८७७. जुन्नर तालुक्यातील ओतूरहून सावित्रीबाई फुले जोतीरावांना पत्र लिहितात. १८७६ साल सरले, पण दुष्काळ सरलेला नाही. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मरत आहेत. कित्येकांवर पोटची मुले, तरुण मुली विकून गाव सोडण्याची पाळी आली आहे. सत्यशोधक कार्यकर्त्यांनी उभारलेल्या मदत समित्यांची हकिकतही या पत्रात आहे.

२/ जन्मदात्यांच्याच हातून मुलाचा घात का होतो? सावित्रीबाईंना हा प्रश्न नवा नव्हता. ओतूरला येण्याच्या दशकभर आधीपासून पुण्यातील त्यांच्या घरात याच प्रश्नाशी झुंज चालू होती. त्या घराची गोष्ट काशीबाईपासून सुरू होते.

३/ काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले. मूल जन्मल्यावर लोकलज्जेच्या धाकाने तिने त्याचा जीव घेतला आणि ते विहिरीत टाकले. खटला चालला, तिला जन्मठेप होऊन अंदमानात धाडण्यात आले. शास्त्र्याला मात्र कसलीच झळ लागली नाही.

४/ मूल कोणी मारले, एवढेच न्यायालयाने पाहिले. तिच्यावर ही वेळ कोणी आणली, हा प्रश्न फुले दांपत्याला पडला. खटला संपताच, १८६३ च्या सुमारास, त्यांनी आपल्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे. मूल सोबत न्यावे किंवा येथेच ठेवावे. आलेल्या बाईला कोणी जाब विचारणार नव्हते.

५/ पण घर उघडले म्हणून सारी मुले वाचली नाहीत. ४ डिसेंबर १८८४ च्या टिपणात जोतीराव स्वतःच हिशेब देतात. तोवर ३५ विधवा येथे बाळंत झाल्या होत्या. त्यांची ५ मुले हयात होती, ३० दगावली होती. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच इजा झाली, हे कारणही ते नोंदवतात. घरादाराने बाईवर केलेला जुलूम तिच्या देहातून बाळापर्यंत पोहोचला होता. ती बाई दारात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

६/ याच घरात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी यशवंत जन्मला. १८७४ मध्ये फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. त्याला केवळ छप्पर मिळाले नाही. नाव, शिक्षण आणि आईबाप मिळाले. १८८७ च्या मृत्युपत्राने जोतीरावांनी त्याला वारसाहक्कही दिला.

७/ समाजाने मात्र त्याचा जन्म विसरू दिला नाही. त्याला मुलगी द्यायला लोक कचरत. अखेर ४ फेब्रुवारी १८८९ रोजी ज्ञानोबा ससाणे यांच्या कन्येशी त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव निवर्तले, तेव्हा दत्तकपुत्राच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. त्या वेळी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले.

८/ १८९७. पुण्यात प्लेग. डॉक्टर झालेल्या यशवंतांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई त्यांच्यासोबत शुश्रूषा करत होत्या. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्चला त्यांचे निधन झाले. ज्याला जगाने जन्मण्याआधीच नाकारले होते, तोच मुलगा ज्यांना शिवायला लोक घाबरत त्यांच्यावर उपचार करत होता.

९/ हा इतिहास दोन गोष्टी शिकवतो. आईच्या मानेवरचा धाक दूर केल्याशिवाय मूल सुरक्षित होत नाही. आणि घायाळ मुलाला एका दिवसाची दया पुरत नाही. लग्नमंडपापासून स्मशानापर्यंत कोणीतरी त्याच्या बाजूने उभे राहावे लागते.

१०/ आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा आणि २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. त्या काळी रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक जाहिरात होती. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या वाडीत शेजारच्या घरातून मुलाचे किंचाळणे रोज ऐकू येत असेल, तर तो त्यांच्या घरचा प्रश्न समजून गप्प बसू नका. हा क्रमांक फिरवा.