झाडीपट्टीचा 'वन्स मोअर'

दिवाळीनंतर वडसा येथील नाटकमंडळ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगाव निघतात. शंकरपट, मंडई यांच्या निमित्ताने रात्रभर नाटक रंगते. दंडार, खडी गंमत यांपासून चालत आलेली गाण्याची ओढ त्यात कायम आहे. ऑर्गन-तबल्याच्या सोबतीला पुढे कीबोर्ड व ऑक्टोपॅड आले, तरी गाणे किती लांबवायचे हे अजूनही 'वन्स मोअर' देणारा प्रेक्षकच ठरवतो. नटाने त्या हाकेला ओ द्यावी, वादकांनी त्याला सांभाळून घ्यावे, हा येथील शिरस्ता. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे अनेकांचे प्रथमच लक्ष गेले. आम्ही नाट्येतिहास शिकवतो तो बहुधा छापील संहितांचा. तेथे ही हाक ऐकू येत नाही. म्हणूनच झाडीपट्टी आमच्या अभ्यासक्रमाबाहेर राहिली असावी.