यंत्रांची भैरवी

कामशेतजवळच्या वडिवळ्यासारख्या मावळांतील गांवीं सप्ताहाच्या रात्रीं भजन कसें रंगतें, हें ज्यानें ऐकलें असेल त्याला एक गोष्ट ठाऊक असते. अभंगाचा एकच चरण पुनःपुन्हा घोळविला जातो. टाळ आणि पखवाज त्याला हलकेहलके चढ्या लयीवर नेतात. आणि मध्यरात्र उलटली म्हणजे शब्दांचा अर्थ मागें पडून केवळ आवर्तनाचाच अंमल चालूं लागतो. तेथून फारशा दूर नसलेल्या ॲम्बी व्हॅलींत, लोणावळ्याच्या पलीकडे, २०१३ सालच्या डिसेंबरांत तरुण मंडळींचा मोठा नृत्यसंगीताचा उत्सव भरला, तेव्हां तेथेंहि अंमल आवर्तनाचाच होता. फक्त पखवाजाच्या जागीं विजेचीं यंत्रें होतीं.

पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या लेखीं हा निवळ गोंगाट. परंतु या गोंगाटाला आतां अर्ध्या शतकाचा इतिहास आहे, त्याचीं घराणीं आहेत, आणि ज्यांनीं ऐन तारुण्यांत त्यावर रात्री जागविल्या ते आज साठीच्या आसपास आल्यामुळें त्याच्या आठवणीनें गहिंवरणारी माणसेंहि आहेत. उद्यांचें संगीत म्हणून जें मिरवलें तेंच आज 'आमच्या वेळचें' झालें आहे.

या संगीताचा पाळणा नभोवाणीच्या घरीं हलला. १९४८ सालीं पॅरिसच्या नभोवाणींतील पिएर शेफर या अभियंत्यानें आगगाडीचे आवाज मुद्रित करून, ते तोडून-जोडून एक रचना सिद्ध केली व ती प्रसारितहि केली. पुढें कलोनच्या नभोवाणीकेंद्रांत विजेच्या आंदोलनांतून स्वर निर्माण करण्याची प्रयोगशाळाच निघाली. हिंदुस्थानांतहि १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत मूग जातीचा सिंथेसायझर येऊन दाखल झाला होता. पण हें सारें विद्वानांचें संगीत. त्यावर कोणाचा पाय हलला नाहीं. पायांची सोय निराळ्या लोकांनीं केली. १९७४ मध्यें ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क मंडळीनें मोटारींच्या राजमार्गावर रचलेली लांबलचक रचना गाजली, आणि १९७७ मध्यें जॉर्जिओ मोरोडर यानें डोना समर हिच्या गाण्याला जवळजवळ सगळी साथ यंत्राकडूनच करविली.

यानंतर जपानच्या रोलंड कंपनीचे दोन खोके बाजारांत आले: १९८० त टी. आर. ८०८ हें तालयंत्र, आणि १९८१ त टी. बी. ३०३ हें खर्जाचें यंत्र. दुसऱ्याचा हेतु अगदीं साधा होता. घरीं एकट्यानें गिटार वाजविणाऱ्याला खालच्या सुरांची साथ मिळावी, एवढाच. परंतु त्याचा आवाज खऱ्या वाद्यासारखा वाटेना, त्यांत सूर भरून ठेवण्याची रीतहि किचकट; गिऱ्हाइकांनीं पाठ फिरविली आणि सुमारें दहा हजार नग काढून १९८४ च्या सुमारास कंपनीनें तें बंद केलें. मात्र या टाकाऊ ठरलेल्या खोक्यांत दोन गुण होते. त्याच्या एका आवर्तनांत सोळा घरें होतीं, म्हणजे आपल्या त्रितालाच्या मात्रांइतकीं. आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यांत सोय होती. सतार किंवा सारंगी ऐकलेल्या कानाला ही घसरण ओळखीची वाटावी. ती मींड नव्हे; पण मींडेची दूरची नातलग खास.

हें नातें मुंबईंत एका माणसाच्या ध्यानांत आलें. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कळपट्टीचीं वाद्यें वाजवीत. १९७१ च्या 'हरे राम हरे कृष्ण' या बोलपटांत काठमांडूच्या हिप्पींचें गाणें आहे, त्यांतील ट्रान्झिकॉर्डचे गूढ सूर त्यांचेच. अशा वादकांचीं नांवें बहुधा श्रेयनामावलींत येत नसत. १९८२ सालीं डिस्कोची लाट बोलपटांत जोरांत असतांना सिंग यांनीं हे दोन्ही जपानी खोके आणि ज्युपिटर-८ नांवाचा सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक तबकडी ग्रामोफोन कंपनीसाठीं केली. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती. उलट बाजूस मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मैफलीची सांगता ज्या भैरवीनें व्हावयाची तिनेंच येथें आरंभ होतो. खालीं यंत्राचा खर्ज अखंड फिरत असतो, वर रागाचे स्वर नागमोडी चालतात, आणि ताल एका क्षणासहि ढळत नाहीं. त्रितालांत जी खालीची जागा असते ती या यंत्राला ठाऊक नाहीं; त्याच्या सर्व मात्रा भरीच्याच. शास्त्रीय संगीताच्या दर्दी माणसाला हें खटकेल, आणि खटकणें रास्तहि आहे. तबकडी खपली नाहीं. डिस्कोवाल्यांना ती रागदारीची वाटली असावी आणि रागदारीवाल्यांना डिस्कोची.

इकडे अमेरिकेंत शिकागो शहरीं निराळाच प्रकार घडत होता. पडून राहिलेलीं ३०३ यंत्रें जुन्या बाजारांत कवडीमोलानें मिळूं लागलीं होतीं. काळ्या वस्तींतील फ्युचर नांवाच्या तरुण मंडळीनें त्याचे खुंटे फिरवतां फिरवतां एक किंचाळणारा, पिळवटणारा आवाज शोधला आणि १९८७ सालीं तो तबकडीवर आणला. ही ॲसिड हाऊस शाखेची गंगोत्री मानतात. त्या शहरांतील वेअरहाऊस नांवाच्या नृत्यगृहावरून 'हाऊस' हें नांव पडलें; डेट्रॉइटमध्यें टेक्नो निपजलें; लंडनच्या बाजूला जंगल, रॉटरडॅमला गाबर, कोठें ट्रान्स, कोठें ॲम्बियंट. हाऊसची लय मिनिटास सुमारें एकशेंवीस ते एकशेंतीस ठोक्यांची, जंगलची एकशेंसाठाच्या वर. बाहेरच्याला हा सूक्ष्म भेद पोरकट वाटतो. पण ग्वाल्हेर आणि किराणा यांतील भेद न कळणाऱ्यालाहि दोन्ही 'आऽऽ'च ऐकूं येतात. ब्रिटिश पार्लमेंटानें तर १९९४ च्या कायद्यांत उघड्यावरील रात्रींचे असे मेळावे आवरतांना त्या संगीताची व्याख्या 'पुनरावृत्त ठोके' अशा धर्तीवर केली. तिच्यांत आपलें भजनहि बसलें असतें!

गोव्याची हकीकत मात्र आपल्या शेजारची. हणजुण्याच्या किनाऱ्यावर जमणाऱ्या परदेशी हिप्पींना सुरवातीस गिटारचेंच गाणें प्रिय होतें. १९८० नंतर कांहींनीं यंत्रसंगीताच्या कॅसेटी वाजविण्यास आरंभ केला. त्यांतील गायलेला भाग ते फीत तोडून काढून टाकीत. पुढें डिजिटल फिती आल्या. दमट हवेंत, वाळूंत आणि उन्हांत तबकड्या टिकत नसत, म्हणून फीत. पण फितीची गति वाजवितांना कमी-अधिक करतां येत नसे, त्यामुळें दोन रचनांचे ठोके जुळविणें अवघड. तेव्हां रचनेच्या आरंभीं आणि अखेरीस तालावांचूनचा लांब भाग ठेवण्याची चाल पडली. गोवा ट्रान्सच्या त्या आलापासारख्या आरंभामागें असें अगदीं व्यावहारिक कारण आहे. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियाहून आलेला गिल्बर्ट लेव्ही, म्हणजे गोवा गिल, हा या पंथाचा सर्वांत प्रसिद्ध पुढारी. तो २०२३ मध्यें वारला. १९९४ च्या डिसेंबरांत पॉल ओकनफोल्ड यानें बी. बी. सी. वरून दोन तासांचा गोवा कार्यक्रम ध्वनिक्षेपित केला आणि किनाऱ्यावरची गोष्ट घरोघर गेली.

त्या रात्रींच्या आठवणी काढणारे गोवेकर बायांचा उल्लेख हटकून करतात. नाचणाऱ्यांच्या कडेनें चटया अंथरून, कंदील लावून त्या पहांटेपर्यंत चहा विकीत. त्यांना दोन पैसे मिळत. शेजारच्या घरांत मात्र मुलें जागीं आणि म्हातारीं हैराण. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकास मनाई केली, तेव्हां किनाऱ्यावरचे रसिक हळहळले. झोपमोड झालेल्या गांवकऱ्यांच्या बाजूनें पाहतां ती हळहळ थोडी हातची राखूनच ऐकावी लागते.

सिंग यांच्या तबकडीला दिवस आले ते फार उशिरा. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती २००२ सालीं दिल्लींत सांपडली व २०१० त त्यानें ती पुन्हा काढली. लगेच गाजावाजा झाला, कीं ॲसिड हाऊसचा शोध शिकागोच्या पांच वर्षें आधीं मुंबईंत लागला. आपल्याकडे प्रत्येक शोध प्रथम आपणच लावला असें म्हणण्याची हौस दांडगी. येथें तर परकीयांनींच ती पुरविली. परंतु शिकागोच्या पोरांच्या हातीं ही तबकडी गेल्याचें दिसत नाहीं. घराणें शिष्यावांचून होत नाहीं, आणि सिंगांना शिष्य नव्हते. दोघांच्या हातीं एकच खोका होता. एकानें त्यांतून राग काढला, दुसऱ्यांनीं आरोळी. साम्य त्या खोक्याचें आहे. तरी ज्येष्ठत्वाचा वाद बाजूस ठेवून ऐकली तर तबकडी आपल्या पायावर उभी राहते, विशेषतः ललत.

चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालविलेल्या या गृहस्थाला सत्तरी ओलांडल्यावर युरोपांतून बोलावणीं आलीं. तेथें नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढें त्यांनीं तेच दहा राग वाजविले. २०१५ च्या जुलै महिन्यांत मुंबईंत त्यांचें निधन झालें. पुढच्याच वर्षीं रोलंड कंपनीनें त्या टाकून दिलेल्या ३०३ यंत्राची लहानशी प्रतिकृति नव्यानें विक्रीस काढली. मूळचीं यंत्रें तोंवर हौशी लोकांनीं जपून ठेवलेलीं होतीं आणि त्यांची किंमत नव्यापेक्षां कितीतरी पटींनीं चढलेली होती.