बारामती-इंदापूरची वाइन आणि बाटलीचे बूच

वाइनच्या बाटलीचे अस्सल बूच एका सदाहरित ओक वृक्षाच्या सालीतून कापतात. हा वृक्ष भूमध्य सागराच्या पश्चिम भागात वाढतो आणि जगातले सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. झाड साधारण २५ वर्षांचे झाले की पहिली साल काढतात, नंतर दर ९ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत निघते, म्हणून बाटलीच्या बुचाजोगी साल हाती यायला चाळीसहून अधिक वर्षे जातात. झाड मात्र तोडावे लागत नाही. पुण्याच्या रस्त्यांवर पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड निराळ्या कुळातले. त्याच्या सालीचा उपयोग हलक्या प्रतीचे बूच म्हणून होत असे.

दख्खनला परदेशी वाइन नवी नाही. नेवासे आणि तेर येथील उत्खननांत रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. अशा कुंभांचे तोंड बुचाने किंवा मातीच्या चकतीने बंद करून वर लेप देत. पुढे युरोपात बुचाचा वापर मागे पडला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्टीतून जाड, मजबूत काचेच्या बाटल्या निघू लागल्या, तेव्हा ते परतले.

बारामती-इंदापूर हा मुळात पर्जन्यछायेचा, कोरडा टापू. १८८५ मध्ये पूर्ण झालेल्या नीरा डाव्या कालव्याने येथे बागायत आणली आणि तिच्यात उसाने ठाण मांडले. द्राक्षाने जम बसवला तो पुष्कळ नंतर, आणि तोही मुख्यतः खाण्याच्या द्राक्षाने. इंदापूर तालुक्यातील बोरी हे गाव त्यासाठीच ओळखले जाते. वाइनसाठी लागणारी द्राक्षे वेगळ्या जातींची. बारामतीत पूर्वी ‘बोस्का’ नावाची वाइन बनत असे. २००१ च्या राज्य धोरणाने या उद्योगाला करसवलती दिल्यावर दौंड तालुक्यातील रोटी येथे ‘फोर सीझन्स’ची वायनरी उभी राहिली, तर नीरेपलीकडे अकलूजच्या बाजूला ‘फ्रातेली’ची.

बुचाची निवड हे वायनरीतले खरे कसोटीचे काम, कारण वर्षभराची मेहनत त्या चार-पाच सेंटिमीटरवर अवलंबून असते. नेहमीचे बूच २४ मिलिमीटर व्यासाचे असते. यंत्र ते सोळाच्या आसपास दाबून साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात बसवते. तेथे ते फुगून काचेला घट्ट भिडते. सालीच्या पेशींत हवा कोंडलेली असल्यानेच ही लवचीकता येते. लवकर प्यायच्या वाइनला ३८ मिलिमीटर लांबीचे बूच चालते, मुरवायच्या लाल वाइनला ४५ किंवा ४९ चे घेतात. सालीतील रंध्रे कमी आणि बारीक असतील तितकी प्रत वरची व किंमत चढी. ओलावाही तपासावा लागतो: फार सुके बूच चुरते, फार ओले बुरशी धरते.

नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा दोष सर्वांत घातक. बुरशी आणि क्लोरीनयुक्त संयुगे यांतून टीसीए हे द्रव्य तयार होते आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढे त्याचे प्रमाणही पुरते. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडचे हान्स टॅनर यांनी हे कारण दाखवून दिले. त्यानंतर साल क्लोरीनने धुण्याची पद्धत मागे पडली आणि नमुने प्रयोगशाळेत तपासून मगच माल उचलण्याची शिस्त रुजली.

या टापूत आणखी एक गोष्ट मोलाची ठरते, ती म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. तापलेल्या ट्रकमध्ये वाइन प्रसरण पावून बुचाला वर रेटते. दुकानात बाटली महिनोन्‌महिने उभी राहिली तर बुचाला वाइनचा स्पर्श राहत नाही. ते सुकते, आकसते आणि हवा आत शिरते. शिवाय बूच काढायचा स्क्रू घरोघरी नसतो. म्हणून भारतात ताज्या, लवकर संपणाऱ्या वाइनसाठी ॲल्युमिनियमची फिरकीची टोपी सर्रास वापरात आली, आणि या हवेत तीच योग्य निवड आहे. नैसर्गिक बूच शोभते ते ओकच्या पिंपात मुरलेल्या, पुढेही बाटलीत वर्षानुवर्षे ठेवायच्या लाल वाइनला. अशी बाटली आडवी आणि थंड जागी ठेवली, तरच त्या बुचावर केलेला खर्च सार्थ होतो.