घरचे फोटो आणि गावाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात. आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्याला किल्ल्यांची काय वाण! अलिबागसमोरचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा, रेवदंड्याची तटबंदी, पलीकडचा कोर्लई. या सर्वांची वर्णने पुस्तकांत आहेत, सनावळ्या शाळेत पाठ होतात. पण त्याच किनाऱ्यावर मिठागरात राबणारा आगरी, जाळे विणणारा कोळी, वाडीला रहाटाने पाणी देणारा बागाईतदार, पहाटे जात्यावर बसणारी आजी, यांचा इतिहास कुठे बघायचा? बखरीत तो सापडणार नाही. दफ्तरात सापडलाच तर सातबाऱ्यावरचे नाव तेवढे सापडेल. मात्र पुष्कळ घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत नाहीतर देवघराच्या फडताळात, या इतिहासाची काही पाने पडून आहेत. ती म्हणजे घरच्या कुणीतरी हौसेने काढलेले फोटो. आजचे भाषण त्यांच्याविषयी आहे.

फोटो काढण्याची विद्या जगाला कळली ती १८३९ साली, फ्रान्समध्ये. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ त, मुंबईला फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आपल्या देशातली अशा प्रकारची ती पहिली संस्था. तिच्यात इंग्रज अधिकारी होते, तसे आपले लोकही होते. प्रख्यात विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक. व्यवसायाने डॉक्टर, पण कॅमेऱ्याचे मोठे शौकीन. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही ते होते. १८५५ त एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

पण त्या काळची ही हौस म्हणजे पांढरा हत्तीच. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हा सारा खटाटोप दहापंधरा मिनिटांत उरकावा लागे. आपल्याकडच्या वैशाखात काच वाळायला कितीसा वेळ लागणार? शिवाय तंबू, बाटल्या, काचा आणि तिवई वाहायला माणसे हवीत. तेव्हा ही हौस डॉक्टर, अंमलदार आणि सावकार यांनाच परवडे. शेतकऱ्याच्या हाती कॅमेरा येणे दूरच राहिले, तो फार तर कॅमेऱ्यापुढे उभा राही.

आणि तो कसा उभा राही, हे बघण्यासारखे आहे. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी मुंबईत हौशी फोटोग्राफरांचे एक मासिक चित्रपुस्तक काढले. त्यात छापील चित्रे नसत, खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. इमारती, देखावे आणि जातीजातींचे, धंद्याधंद्यांचे लोक हे त्यातले विषय. पुढे याच जॉन्सनने मुंबईच्या निरनिराळ्या जमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत माणसांचा फोटो एका ठिकाणी घेतलेला आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला आहे. म्हणजे माणूस खरा, देखावाही खरा, पण तो माणूस त्या देखाव्यात कधी उभाच नव्हता! १८६८ पासून लंडनला आठ खंडांचा एक सरकारी ग्रंथही निघाला. फोटोखाली बहुधा जात लिहिलेली, धंदा लिहिलेला. त्या माणसाला गावात काय नावाने हाक मारीत, ते मात्र क्वचितच.

या लोकांनी केले ते वाया गेले असे मी म्हणत नाही. त्या काळचे पागोटे कसे बांधीत, लुगडे कसे नेसत, हे आज आपल्याला त्यांच्यामुळेच कळते. पण नावाशिवायचा चेहरा म्हणजे पत्त्यावाचूनचे पाकीट. ते कुणाचे, कुणी उघडायचे?

नोंदीची किंमत कशात असते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या अलिबागलाच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापांत त्या विजेने व्यत्यय येणार हे उघड झाले. म्हणून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिथे मोजमापाची युक्ती अशी असे: अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या चुंबकाला बारीक आरसा लावलेला, त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर पडे आणि फिरत्या कागदावर रेघ उमटे. तोही एक फोटोच म्हणा, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. आता ही रेघ नुसती बघितली तर वेडीवाकडीच दिसणार. पण तिच्यावर दिवस आणि वेळ नोंदलेली असते, म्हणून शंभर वर्षांनंतरही शास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात. तारीख पुसली तर उरेल तो डागाळलेला कागद. आपल्या घरच्या फोटोंनाही हाच न्याय लागू आहे.

पुढे काळ पालटला. १८८८ त अमेरिकेत ईस्टमन याने कोडॅक कॅमेरा काढला. काच गेली, गुंडाळीची फिल्म आली. १९०० साली त्याच कंपनीने एक डॉलर किमतीचा पुठ्ठ्याचा ब्राऊनी कॅमेरा विकायला आणला आणि पोरेसोरेही फोटो काढू लागली. हौस दिवाणखान्यातून ओसरीवर आली.

घरातल्या साध्या गोष्टीकडे कॅमेरा वळवला म्हणजे काय होते, हे दादासाहेब फाळक्यांनी दाखवले. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी राजाराणीची गोष्ट घेण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे चित्र घेतले. ठरावीक अंतराने एकेक चित्र, असे जवळजवळ महिनाभर. पडद्यावर ते दाखवताच बी फुटून रोप भराभर वर येताना लोकांना दिसले. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने राबत. आपल्या चित्रपटाचा पाया असा एका घरात, कुंडीतल्या रोपाशेजारी घातला गेला.

निसर्गाकडे बघण्याचा दुसरा धडा आपल्या किहीमचा. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली नोकरी गमावून किहीमच्या घरी येऊन राहिले होते. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर कापडाचा आडोसा बांधला आणि तासन् तास आत बसून कुठल्या घरट्याचे काम किती झाले, मादी केव्हा आली, हे टिपून ठेवले. नर अर्धे घरटे बांधतो, मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरे बांधायला घेतो, ही गंमत त्या टिपणांतून उलगडली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. ती सुगरण गावात सर्वांनीच पाहिली होती. सालिम अलींनी पाहिले ते लिहून ठेवले, एवढाच फरक. हाती कॅमेरा असो वा पेन्सिल, बसून बघणे आणि लगेच टिपणे याला पर्याय नाही.

स्वातंत्र्यानंतर कॅमेरा आपल्या खेड्यांत येऊ लागला. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री पुष्कळांना आठवत असेल. उटकमंडला १९६० त सरकारी फिल्म कारखाना स्थापन झाला आणि १९६७ पासून तिथली फिल्म बाजारात येऊ लागली. आज तो बंद पडला आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी येई, तेव्हा कुणा एखाद्याच्या गळ्यात असा कॅमेरा असे. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. बाराच, म्हणून जपून काढायचे. नवी सून, पहिले बाळ, बैलजोडी, होडीची पूजा, अंगणातला म्हातारा. काढणाऱ्याचे लक्ष माणसांवर असे, पण कॅमेरा भोळा. तो समोरचे सगळेच टिपतो. बाळाच्या मागे गवताने शाकारलेले छप्पर येते, सुनेच्या मागे रहाट येतो, म्हाताऱ्याच्या मागे शिडाचा मचवा येतो. आज बाळाचे केस पिकले. रहाटाच्या जागी पंप आला, मचव्याला इंजिन आले. उरणच्या बाजूला १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि खाजण-मिठागरांचा तो किनाराच ओळखू येईनासा झाला. जुना किनारा कसा होता हे नातवंडांना दाखवायचे, तर कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतली मागची बाजूच शोधावी लागते.

आणि माणसांचे काय? १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या कुणाचा चेहरा घरी उरला आणि कुणाचा नाही, हे त्याआधी कधी फोटो निघाला होता की नाही यावरच ठरले. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला. उपाशीपोटी खंबीर राहिलेल्या त्या कुळांच्या घरी कॅमेरा कुठून असणार? याच किनाऱ्यावरचे बेने इस्रायल लोक, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत असू, ते १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. पेणकर, किहीमकर, दिवेकर, रोहेकर अशी गावांची नावे ते आडनावांत घेऊन गेले. त्यांच्या जुन्या फोटोच्या मागे नुसते आडनाव असले, तरी गाव सापडते.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करायला हवा. फोटोवरचा काळा भाग म्हणजे चांदीचे बारीक कण, आणि ते धरून ठेवणारा थर जिलेटिनचा. खारी दमट हवा लागली की हा थर फुगतो, चिकटतो आणि त्यावर बुरशी वाढते. एकेक पावसाळा एकेक चेहरा खातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी छपरे उडवली. छप्पर गेले की धान्य भिजते, आणि कागदही भिजतो. धान्य पुढल्या वर्षी पुन्हा पिकेल. आजीचा एकुलता एक फोटो मात्र पुन्हा पिकायचा नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सांगा, की घरातला जुन्यात जुना फोटो शोधा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. हा कोण, ही कुणाची लेक, हे अंगण कुठले, मागे दिसते ते काय, हे विचारा. सांगितलेले वहीत लिहा. मग फोटो पालथा सपाट ठेवून मागच्या कडेला मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव आणि साल लिहा. शाईने नको, ती पुढे झिरपते. साल नक्की ठाऊक नसेल तर ‘रामदास बुडाली त्याच्या आधी’ एवढे लिहिले तरी चालेल. फोटो डिंकाने चिकटवू नका. कागदी पाकिटात घाला, बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूर उंचावर ठेवा आणि पाऊस सरला की सावलीत हवा द्या. निगेटिव्ह सापडली तर ती फोटोहून जपा, कारण तिच्यावरून नवा फोटो करता येतो. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. जुन्या फोटोची प्रत त्याने घ्याच, पण नावगाव नसलेले हजार फोटो फोनमध्ये साठवले, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बिननावाच्या चित्रपुस्तकाचीच नवी आवृत्ती निघेल. फोनही बिघडतो, हरवतो. तेव्हा निवडक फोटो कागदावर काढून घ्या.

एका शाळेत चाळीस मुले असली तर चाळीस वह्या भरतील. त्यांत गावाची घरे असतील, पिके असतील, होड्या असतील, माणसे असतील आणि प्रत्येकाला नाव असेल. हे काम मात्र लांबणीवर टाकू नये. फोटो ट्रंकेत आणखी काही पावसाळे तग धरील. त्यातली माणसे ओळखणारी आजी आपल्यासाठी किती दिवस थांबणार आहे?